पंखावर मावणारी अकरा नावं

समस्त मराठी बंधुभगिनींना, त्यांच्या मित्रपरिवाराला आणि हयात असलेल्या सर्व नातेवाइकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, रेसच्या गाडीच्या मागच्या पंखावर जास्तीत जास्त अकरा दिवंगत व्यक्तींची नावं मावतात. बाराव्या दिवंगतासाठी जागा नाही. कृपया याची नोंद घ्यावी आणि त्या हिशेबानेच दिवंगत व्हावं.

ही माहिती मला वेळेवर कुणी दिली असती, तर जुलैतल्या त्या रविवारी सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना मी सकाळी नऊपासून दुपारपर्यंत ओंटारियोतल्या एका रेस ट्रॅकवर गोल गोल फिरवत बसलो नसतो. ट्रॅकवर गाड्या फिरत होत्या, कुंपणाबाहेर मी आणि काकू. आमच्या फेऱ्या बहुधा जास्तच झाल्या.

आधी गाडीचं सांगतो. गाडी टीमची. चालवते आमची मुलगी. एकच सीट, छप्पर नाही, दार नाही, चारही चाकं अंगाबाहेर. मागे एक आडवी फळी असते, तिला पंख म्हणतात. विमानाचा पंख विमान वर उचलतो, हा गाडीला खाली दाबून धरतो. मी नागपूरला आईला फोनवर हे सगळं समजावलं, तर ती म्हणाली, "मग एवढा पैसा घेऊन अर्धीच गाडी काहून देतात रे?"

मुलगी इथेच, कॅनडातल्या किचनर शहरात जन्मली. नऊ वर्षांची असताना वर्गातल्या कुणाच्या तरी बर्थडेला गो-कार्टच्या हॉलमध्ये गेली. बाकीची मुलं पिझ्झा खायला गेली, ही कार्टमधून उतरेना. शेवटी तिथल्या माणसाने वीज बंद केली. ती आता वीस वर्षांची आहे. त्या बर्थडेच्या दिवसापासून मी एका जागी सलग दहा मिनिटं बसल्याचं माझ्या बायकोला आठवत नाही. आणि गंमत बघा, माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकतं, हे शोधायचा मला पगार मिळतो.

कार्टमधून इथल्या छोट्या रेसेस, तिथून अमेरिकेतल्या सिंगल सीटर गाड्यांच्या शिडीची खालची पायरी. इंडियानातल्या एका टीमने तिला घेतलं. त्यांच्या तंबूत मी पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो. चार गाड्या, आणि प्रत्येकीवर बसायच्या जागेशेजारी, दोन्ही बाजूंना, ड्रायव्हरचं नाव आणि त्याच्या देशाचा झेंडा. रेसेसची मालिका अमेरिकेची, टीम अमेरिकेची, आणि अमेरिकेचा झेंडा शोधायला मला तंबूला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तो सापडला चौथ्या गाडीवर, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर आठवडाभर मामाच्या गॅरेजात तेल बदलून वर्षातल्या अर्ध्याच रेसेस चालवायचा. घर शेजारच्याच गावात, तरी सगळ्यांत गरीब तोच. ब्राझीलच्या ड्रायव्हरच्या मागे वडिलांची टाइल्सची फॅक्टरी होती. न्यूझीलंडवाल्याच्या मागे त्याचं अख्खं गाव, दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत.

टीमचा मॅनेजर म्हणजे पिकल्या मिश्यांचा, दाराएवढा माणूस. त्याने मला कॉफी दिली आणि म्हणाला, "तुझी मुलगी फास्ट आहे. पण इथे सगळेच फास्ट आहेत. स्लो लोक घरी असतात. आता सांग, तिच्यामागे कोण आहे?"

मी छाती काढून म्हणालो, "मी."

त्याने इतक्या प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला की मला तिथेच कळलं, हे पुरेसं नाही.

मग मी झेंडे पालथे घातले. कॅनडातल्या कंपन्या म्हणाल्या, मुलगी हॉकी खेळते का? अमेरिकेतल्यांना अमेरिकन हवा होता, पण तो तेल बदलत होता त्याचा त्यांना पत्ता नव्हता. पुण्याची गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी मात्र लगेच तयार झाली. त्यांचे साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "तिरंगा लावा, बाकीचं आमच्यावर सोडा." मी आनंदाने खुर्चीवरून उठलो (बसलेलो होतो हे नवल). पण तिरंग्यासाठी भारताचा पासपोर्ट हवा, आणि त्यासाठी इथला सोडायला हवा. मुलीला विचारलं. तिने शांतपणे मोज्याची घडी घालत सांगितलं, "बाबा, आय लाइक इंडिया. बट आय ॲम फ्रॉम किचनर." एवढंच. मग कुठे वाद घालणार? शेवटी किचनरच्याच एका दुकानाने गाडीचं नाक घेतलं. ते विंटर टायर्स विकतात. भर जुलैत, छप्पर नसलेल्या गाडीच्या नाकावर बर्फाची चांदणी.

आमची सगळी शिल्लक, बायकोच्या जादा शिफ्ट आणि ते नाक एवढ्यावर जुलैपर्यंतची सोय झाली. पुढच्या रेसेसचं काय? मॅनेजरने मे महिन्यात स्पष्ट सांगितलं, "ओंटारियोची रेस सुरू होण्याआधी उरलेले पैसे माझ्या हातात. नाही तर सोमवारपासून सीट दुसऱ्याची." दुसराही तयार होता. डेन्मार्कचा, चोवीस वर्षांचा, वडिलांचा खिडक्यादारांचा धंदा. तो प्रत्येक रेसला स्वतःच्या खर्चाने यायचा आणि हेल्मेटची बॅग मांडीवर घेऊन तंबूच्या कोपऱ्यात बसायचा. कुणाच्या तरी दारात वऱ्हाडी आधीच येऊन बसावेत, तसा.

मी बायकोला म्हणालो, "आता एकच शस्त्र उरलं."

ती म्हणाली, "अहो, नको."

"वर्गणी," मी म्हणालो.

नागपुरात सलग सहा वर्षं मी आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी गोळा केली आहे. वर्गणी ही विद्या आहे. पावतीपुस्तकाची पहिली पावती आपल्याच नावाने, चांगली घसघशीत फाडायची आणि पुस्तक तिथेच उघडून समोर धरायचं. तीन जणांनी जायचं, दोन कमी पडतात आणि चार दरोडेखोर वाटतात. किचनरमध्ये माझा नागपूरचाच एक जुना मित्र आहे. गणपतीच्या दिवसांतही तोच माझ्याबरोबर असायचा. तिसरा म्हणून मुलीचं जुनं हेल्मेट घेतलं. ते सोफ्यावर मध्ये ठेवायचं.

दार उघडण्याआधी मित्र मला दर वेळी बजावायचा, "तू बोलू नको बे. तू बोलला का लोक पाकीट परत खिशात टाकतात. मी बोलतो."

आणि लोकांनी दिलं! मंडळाने दिलं, बायकोच्या भिशीने दिलं. तिकडे लांब रेजिना शहरात एक जुना सहकारी सरकारी नोकरीत आहे, त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "पोरगी हेल्मेट नीट लावते ना?" आणि पाठवून दिले. बौद्ध मंडळींच्या संघटनेतले एक इंजिनियर आमच्याच रस्त्यावर राहतात. ते म्हणाले, "नाव-बिव काही नको. पण एका रविवारी तिने आमच्या मुलांच्या वर्गात येऊन ती परीक्षेत पहिली न येता काय करते ते सांगायचं." मुलगी गेली. दोन तास परतली नाही. मुलांनी तिला ब्रेक कधी मारायचा हे चौदा वेळा विचारलं.

पण छोट्या वर्गणीने चाकं येतात, सीझन येत नाही. मग मी तो शोध लावला. आपल्याकडे माणूस स्वतःच्या नावासाठी खिशात हात घालताना लाजतो. पण वडिलांच्या नावासाठी? देवळातला पंखा बघा. तीन पात्यांवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असतं. तरी तो देतो. पायरी, बाक, पाण्याची टाकी, सगळं स्मरणार्थ. मग गाडीचा पंख का नाही? टीमने आमच्या वाट्याला मागचा पंख दिलाच होता. मी फोटोवर पट्टी ठेवून मोजलं, बारा ओळी बसत होत्या. बारा विशेष देणगीदार शोधायचे, प्रत्येकी एक ओळ, देवनागरीत.

तीन आठवड्यांत बाराही गेल्या. एकानेही जिवंत माणसाचं नाव दिलं नाही.

बाराव्या ओळीच्या काकू टोरोंटोत नॉर्थ यॉर्कला सतराव्या मजल्यावरच्या कॉन्डोत राहतात. काका दोन वर्षांपूर्वी गेले. ते आयुष्यभर एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचे. इथे चाळीस वर्षं राहिले, पण पासपोर्ट शेवटपर्यंत भारताचा. "पुढच्या वर्षी परत जायचंय म्हणायचे," काकू म्हणाल्या. "दर वर्षी. मी मेली कंटाळून सिटिझन झाले. गाडी मी चालवायची, हे शेजारी पिशवी मांडीवर घेऊन. 'हळू, हळू, अगं हळू.' आणि त्यांचं नाव लावायचं रेसच्या गाडीवर?" त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग हसणं थांबलं. म्हणाल्या, "लाव."

अट मात्र घातली. "नाव डोळ्यांनी बघेन, मग चेक देईन. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे. पण एका देवस्थानाने ह्यांच्या वडिलांच्या नावाची पायरी बांधतो म्हणून सांगितलं होतं. तो डोंगर चढून आले मी. पायरी नाही."

स्टिकरवर 'कै.' लिहायचं की 'श्री.' हे ठरवायला काकूंनी दोन आठवडे आणि नऊ फोन घेतले. शेवटी म्हणाल्या, "नुसतं नाव लिही. ते काही कुणाला 'श्री.' लावू द्यायचे नाहीत." त्यामुळे त्यांचं स्टिकर सगळ्यांत शेवटी छापून झालं, आणि मी बाराही स्टिकर घेऊन शुक्रवारी ट्रॅकवर गेलो, तेव्हा पंखाच्या सगळ्यांत खालच्या ओळीवर मालिकेचं अधिकृत स्टिकर लावलेलं होतं. फोटोत ते नव्हतं. काढायचं नसतं. अक्षरं लहान करायची नसतात. अकरा नावं बसली. बारावं मी खिशात घातलं आणि काकूंना फोन केला नाही. शनिवारीही केला नाही.

रविवारी सकाळी किचनरहून आमच्या लोकांची बस आली. घडीच्या खुर्च्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवड्याचा डबा. मॅनेजर मला म्हणाला, "हे सगळे तुझे नातेवाईक?" मी म्हणालो, "वर्गणीदार." त्याने मान डोलावली, जणू हा शब्द त्याला लहानपणापासून माहीत होता. आणि नऊ वाजता नॉर्थ यॉर्कहून चारशे एक नंबरच्या हायवेवरून स्वतः गाडी हाणत काकू आल्या. चौऱ्याहत्तर वर्षं वय. गुगलने दाखवलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी.

"कुठाय गाडी?"

"तपासणीला गेलीय, काकू. चला, तुम्हाला टायर दाखवतो."

मी टायर दाखवले. मग इंधनाचे कॅन. मग चहा. मग वॉशरूम. मग कुंपणाच्या त्या टोकाला नेलं, तिथून वळण छान दिसतं म्हणून, आणि तिथून पुन्हा चहाला. उन्हात चालून चालून माझ्या शर्टाचा रंग बदलला. काकूंच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"अरे, मी गाडी बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "तू मला आगीचा बंब काय दाखवतोस?"

"महत्त्वाचा असतो, काकू."

"मग पेटलंय कुठे?"

माझ्या पोटात, काकू. पण ते कसं सांगणार? मधूनच मित्र चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला आणि पुटपुटला, "सांगून टाक बे बुढीले. चेक नाही देणार, आणखी काय करणार?" पण चेक नाही देणार, हेच तर सगळं होतं. बाकीच्या अकरा जणांचे आणि सगळ्या पावत्यांचे मिळून पैसे मॅनेजरकडे पोचले होते. अडत होतं ते बाराव्या ओळीशी. दोन वाजता रेस. तंबूच्या कोपऱ्यात डेन्मार्कचा तो ड्रायव्हर, मांडीवर बॅग.

मी काकूंना मित्राच्या ताब्यात दिलं आणि तंबूत येऊन येरझाऱ्या घालू लागलो. डेन्मार्कवाल्याने थोडा सरकून मला जागा दिली. मी बसलो नाही, पण चिवड्याचा डबा पुढे केला. तो म्हणाला, "गेल्या वर्षी माझी सीट अशीच गेली. ज्याला मिळाली, त्याच्यामागे त्याच्या देशाची टेलिफोन कंपनी होती." मग खुर्च्या, पुऱ्या, आमच्या बायका यांच्याकडे बघत म्हणाला, "माझ्या रेसला माझे वडीलसुद्धा येत नाहीत. फक्त पैसे येतात." त्याने शेंगदाणे वेचून खाल्ले. मला तो आवडू नये अशी माझी फार इच्छा होती.

तेवढ्यात बायकोने मला गाठलं. "तुम्ही काहीतरी करून ठेवलंय."

"मी? काय म्हणून?"

"तुम्ही काही केलेलं नसतं तेव्हा निदान भिंतीला टेकता."

मुलगी तिच्या मागेच उभी होती, अर्ध्यापर्यंत चढवलेला सूट, बाह्या कमरेला बांधलेल्या. मी खिशातून स्टिकर काढलं. सगळं सांगितलं, अगदी पट्टीने मोजलेल्या फोटोपासून. ऐकताना ती हातातल्या बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती.

"सो यू सोल्ड समथिंग वी डोन्ट हॅव."

"विकलं नाही गं. वर्गणी घेतली."

"दॅट्स वर्स, बाबा."

रेसमधल्या जागा ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला ती पाचवी आलेली होती. तिथल्या एका मेकॅनिकने मला सांगितलं होतं की पैशाची काळजी नसलेले चारही जण तिच्या पुढे आहेत आणि पैशाची काळजी असलेले सगळे मागे. मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. आता माझ्यासमोर ती उभी होती, आणि उद्यापासून ती कुठे असेल हे माझ्या हातातल्या कागदावर ठरणार होतं.

तिने स्टिकर माझ्या हातातून घेतलं. गाडीजवळ गेली, गुडघ्यांवर बसली आणि बसायच्या जागेच्या डाव्या बाजूला जे तिचं नाव होतं, त्याचा कोपरा नखाने उचलला. सर्रकन ओढलं. एका झटक्यात निघालं. मॅनेजर लांबून ओरडला, "ए! ते काय?" ती म्हणाली, "उजवीकडचं आहे ना? एक बाजू पुरते." त्याने मिशी चोळली, दुसरीकडे बघितलं, म्हणजे परवानगी. तिने तिथे काकांचं नाव लावलं, तळव्याने दाबून, हवेचा एक फुगाही न ठेवता. झेंडा तसाच राहिला.

"नाऊ गो गेट हर."

काकू आल्या त्या थेट मागच्या पंखाकडे गेल्या. त्यांना पहिल्यापासून पंखच सांगितलेला होता, आणि नाव पुढे आल्याचं मित्रालाही माहीत नव्हतं. चष्मा चढवून त्या वाचू लागल्या, मोठ्याने, एकेक नाव, वरून खाली, देवळातल्यासारखं. आठ. नऊ. दहा. अकरा. मग मालिकेचं स्टिकर. काकू थांबल्या. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. बसमधून आलेल्यांपैकी कुणीतरी चावत असलेली पुरी तशीच तोंडात धरली.

"काकू, इकडे," आमची मुलगी म्हणाली. ती गाडीत बसली होती, हेल्मेट चढवलेलं, काच वर. हातमोजा घातलेल्या बोटाने ती डावीकडे दाखवत होती.

काकू चालत पुढे आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. काकांचं नाव, ठळक, एकटं, वर-खाली दुसरं कुणी नाही, जिथे ड्रायव्हरचं असतं तिथे. आणि त्याला चिकटून कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल मेपलचं पान. पुढच्या वर्षी परत जायचंय म्हणत चाळीस वर्षं ज्याने ते पान टाळलं, तो माणूस. काकूंनी त्या पानावरून एक बोट फिरवलं. मग न बघताच पर्स उघडली आणि घडी घातलेला चेक माझ्या छातीवर थापला.

मी पळालो. मला शाळेनंतर कुणी इतकं पळताना बघितलं नसेल. मॅनेजरने चेक उलगडला, वाचला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि तंबूच्या कोपऱ्याकडे बघून हळूच मान हलवली. डेन्मार्कवाल्याने बॅगची चेन लावली. जाता जाता चिवड्याची एक मूठ घेतली आणि मला म्हणाला, "पुढच्या वर्षी."

गाडी ढकलत बाहेर नेली. इंजिन सुरू झालं, तो आवाज कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. आमची सगळी माणसं उभी राहिली. काकूंनी दोन्ही कानांवर हात दाबले होते, आणि कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा येतोय ते कळत नाही. गाडी सुटली, डावी बाजू आमच्याकडे, काकांचं नाव लांबत लांबत रेघ झालं, आणि काकू अख्ख्या ट्रॅकला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अरे, थांबव, थांबव तिला! ह्यांच्याकडे लायसन्सच नाहीये!"